भाग २३ : घोडदळाचं पोट

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोललेलं थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

'भ्रष्टाचाराचं कुरण' ही हेडलाइन तुम्ही किमान पन्नास वेळा वाचली असेल. अमुक खातं म्हणजे चरायला कुरण. पण कुरण म्हणजे नक्की काय, हे कधी विचारलंय का? गुगल मॅप्स उघडून नुसतं 'कुरण' टाका. जुन्नर तालुक्यात कुरण नावाचं गाव सापडेल, पानशेतच्या बाजूला कुरण खुर्द सापडेल. कुरण म्हणजे कुणीही यावं आणि चारावं अशी मोकळी जागा नव्हे. कुरण म्हणजे राखलेलं गवत. पावसाळ्यात तिथं जनावर शिरू द्यायचं नाही, गवत पूर्ण वाढू द्यायचं, मग कापायचं, वाळवायचं आणि रचून ठेवायचं. कुणासाठी? बऱ्याचदा सरकारी घोड्यांसाठी.

आपण घोडदळाचा इतिहास वाचतो तेव्हा तलवार असते, घोडा असतो, वेग असतो. कितीही मोठं पुस्तक घ्या, घोडा संध्याकाळी काय खात होता ते एका ओळीत संपतं. मला नोकरीत सर्व्हर सांभाळायचं काम आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण कुठलीही मोठी सिस्टिम दिसली की 'हिला रोज काय लागतं आणि ते कोण भरतं' हा प्रश्न मला आधी पडतो. मराठ्यांच्या घोडदळाला तो विचारून बघितला, आणि उत्तर गवतापाशी येऊन थांबलं.

आधी घोड्याचं पोट समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

गाय रवंथ करते. चार कप्प्यांचं पोट, एकदा भरलं की निवांत बसून चघळत राहते. घोड्याचं तसं नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, आणि गवत पचवायचं खरं काम मागे मोठ्या आतड्यात चालतं. म्हणून मोकळा सोडलेला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं खात असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं चुकीचं असेल तर ते परत बाहेर यायचा रस्ताच नाही. पोटशूळ उठला की घोडा लोळतो, पाय झाडतो, आणि बरेचदा मरतो.

म्हणूनच आजही घोडे पाळणारे लोक एक गोष्ट कटाक्षाने सांगतात: लॉन मशीनने कापलेलं ओलं गवत ढीग करून घोड्यापुढे टाकू नका. आपल्याला वाटतं, गवतच तर आहे, ताजं आहे, खाऊ दे. पण ते बारीक कापलेलं असतं, चावायचे कष्ट नसतात. घोडा भराभर गिळतो. ढिगात ते आधीच आंबायला लागलेलं असतं, पोटात गेल्यावर आणखी गॅस होतो. तेच गवत उभं असताना तोडून खाल्लं तर चालतं, नीट वाळवून दिलं तर चालतं. या दोन्हीच्या मधली जी ओली, चुरलेली, गरम अवस्था आहे ना, ती धोक्याची. भारतात घोडदळ ठेवणाऱ्या प्रत्येक राज्याला दर वर्षी याच अवस्थेशी झगडावं लागलं, कारण इथे पावसाळा आहे.

आता थोडं गणित. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा.

दख्खनी तट्टू म्हणजे आजच्या रेसकोर्सवरचा उंच घोडा नव्हे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू लहानखुरं, काटक. अंदाजे ३५० किलो वजन धरू. घोड्याला रोज वजनाच्या साधारण २ टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ७ किलो. सभासद बखर शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगते: २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. म्हणजे जुमल्यात १२५ घोडे. रोजचे ८७५ किलो. पावसाळ्याचे चार महिने, १२० दिवस धरले तर १०५ टन. हे एका जुमल्याचं. दहा हजार घोडे असतील तर ८,४०० टन. दाणा वेगळा मिळाला तर थोडं कमी. आपल्याकडच्या कोरड्या माळावर हेक्टरी दोन टन वाळलेलं गवत मिळालं असं धरलं, तर दहा हजार घोड्यांच्या एका पावसाळ्यासाठी ४२ चौरस किलोमीटर गवत राखायला लागेल. बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याचा चाळीस टक्के भाग, नुसतं गवत. हे माझं ढोबळ गणित आहे, कुठल्या दफ्तरातला आकडा नाही. पण किती मोठी गोष्ट आहे याचा अंदाज येतो.

या आकड्यामुळे मराठ्यांचं सगळं कॅलेंडर ठरत होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, आठ महिने बाहेर मुलूखगिरी, आणि पावसाच्या तोंडावर परत येऊन छावणी. आपण हे शाळेत 'परंपरा' म्हणून शिकतो. मला ते गवताचं वेळापत्रक वाटतं. दसऱ्याच्या सुमारास पाऊस संपलेला असतो, गवत पिकलेलं असतं, खरीप हाताशी आलेलं असतं, नद्या उतरलेल्या असतात. त्या वेळी बाहेर पडलेला घोडा वाटेवर खात खात जाऊ शकतो. म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातलं खात जाऊ शकतो, हेही स्पष्ट बोलायला हवं. सभासद लिहितो त्यात छावणीची तयारीही येते: घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधं आधी जमवून ठेवायची, राहायला गवताने शाकारलेली घरं तयार ठेवायची. प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. हे वाचताना मला तलवारीच्या वर्णनापेक्षा जास्त भारी वाटलं होतं, खरं सांगतो.

इथे तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात तर सगळीकडे हिरवंगार असतं, मग साठा कशाला? मलाही आधी तेच वाटलं होतं. पण पहिल्या पावसानंतरचं गवत कोवळं आणि पाणीदार, त्यात पोट भरण्यासारखं फार कमी. कोरड्या चाऱ्यावरून घोडा एकदम त्यावर सोडला तर पोट बिघडतं. जमीन चिखलाची, खूर सडतात. आणि कुरण तर याच काळात बंद ठेवायचं असतं, नाहीतर पुढच्या वर्षी कापणार काय? म्हणजे बाहेर हिरवं दिसत असताना घोडा गेल्या दिवाळीनंतर कापलेल्या गवतावर जगतो. त्या साठ्यावर सगळं अवलंबून.

आता ते पत्र, ज्याच्यासाठी मी हा भाग करायला घेतला.

१६७० च्या दशकातलं, राज्याभिषेकाच्या सुमाराचं हे पत्र आहे. चिपळूणजवळ घोडदळाचा तळ पडलेला. मे महिना, पाऊस तोंडावर. महाराज जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहितात. विषय काय? गवत, दाणा, आणि आग.

पत्राचा आशय सांगतो. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी जो साठा केला होता तो या लष्करात खर्च होऊन गेला. तरी इकडून-तिकडून, गडांवरून मिळेल ते आणून पागेची कशीबशी बेगमी केली आहे. आता तुम्ही मन मानेल तसा दाणा-गवत उधळलात तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडे उपाशी मरतील, आणि मग ते तुम्हीच मारले असं होईल. उपाशी राहिलात की तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. जे कुणबी जीव धरून राहिलेत तेही गाव सोडतील, काही उपासमारीने मरतील. आणि त्यांना वाटेल की मोगल परवडले, हे त्यांच्याहून वाईट. तुम्हाला पगार मिळतो. जे हवं ते बाजारातून विकत घ्या.

थांबा, हे परत एकदा डोक्यात घ्या. राजा आपल्याच सैनिकांना सांगतोय की घोड्याचं गवत संपणं आणि कुणबी गाव सोडून जाणं यांच्यात दोनच पायऱ्या आहेत. (भाजीच्या देठाची जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती वेगळ्या पत्रातली, १६७६ ची. दोन्ही बरेचदा एकत्र करून फॉरवर्ड होतात.)

पत्राचा पुढचा भाग आगीबद्दल आहे, आणि तो इतका बारकाईने लिहिलाय की आपल्या ऑफिसमधल्या सेफ्टी ऑफिसरने भिंतीवर लावावा. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल. वारं सुटेल, ठिणगी उडेल. रात्री दिवा जळत ठेवाल आणि उंदीर पेटती वात तोंडात धरून पळेल. एका खणाला आग लागली की सगळ्या गवताच्या लहळ्या जळतील, छावणी जळेल. मग कुणब्यांच्या माना मारल्या, कितीही ताकीद केली, तरी घोड्यांना वैरण मिळणार नाही आणि घर बांधायला लाकूड मिळणार नाही. म्हणून रात्री दिवे विझवा, फिरून तपासणी करा. उंदीर आणि वात! एवढा विचार कोण करतं? ज्याने गवताची गंजी जळताना बघितली आहे, तोच.

आणि गंजी बाहेरच्या ठिणगीशिवायही जळू शकते, हे या निमित्ताने सांगून टाकतो. उभ्या हिरव्या गवतात ७०-८० टक्के पाणी असतं. वाळवून ते १५-२० टक्क्यांच्या आत आणावं लागतं. घाईत ओलसरच रचलं तर आत जिवाणू कामाला लागतात, गंजी आतून तापते. कधी नुसती बुरशी येते, आणि ते बुरशीचं गवतही घोड्याला घातकच, खोकला आणि पोटशूळ. कधी तापमान इतकं चढतं की काही दिवसांनी गंजी आपोआप पेट घेते. शेतकरी गंजीत हात किंवा सळई खुपसून गरम लागते का बघतात ते याचसाठी.

कापायची वेळ हा वेगळा विषय. आपल्या माळावर मारवेल आणि पवना ही चांगली गवतं. त्यांच्यात मिसळून कुसळी येते. ट्रेकला जाऊन आल्यावर मोज्यांत जी टोचणारी कुसळं अडकतात ना, ती हीच. पिकू दिली तर तिची कुसळं घोड्याच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात. लवकर कापली तर गवतात ओल जास्त आणि परतीच्या पावसाची भीती. उशीर केला तर काटे आणि नुसता काडीचा चोथा. मधले थोडेच दिवस मिळतात. त्या थोड्या दिवसांत शेकडो एकरांवर विळा चालवायचा, तेही नेमकं तेव्हा जेव्हा शेतकऱ्याचं स्वतःचं खरीप कापणीला आलेलं असतं.

ते विळे कुणाच्या हातात होते, त्याकडे येतो. आधी लढाईतलं गवत थोडक्यात बघू.

जुन्या मराठीत एक शब्द आहे, 'कही'. तळावरून चारा-लाकूड आणायला बाहेर पडणारी टोळी म्हणजे कही. शत्रूचा तळ मोडायचा तर त्याच्या कहीवर तुटून पडायचं, ही मराठ्यांची आवडती युक्ती. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज भोर घाट चढून पुण्याकडे निघाली तेव्हा महादजी शिंद्यांच्या बाजूने हेच झालं. इंग्रज कार्ल्यावरून तळेगावला पोचले तर तळेगाव जाळून रिकामं केलेलं. सोबत हजारो बैल आणि त्यांना घालायला काडी नाही. पुणं वीस मैलांवर असताना ते मागे फिरले आणि वडगावला त्यांना तह करावा लागला. आज एक्स्प्रेसवेने जाताना आपण हे सगळं काही मिनिटांत पार करतो.

पण अठरा वर्षं आधी पानिपतावर हेच शस्त्र उलटं चाललं होतं. १७६० च्या नोव्हेंबरपासून तळ एका जागी अडकला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. रात्री चारा-लाकडाला बाहेर पडलेली माणसं अफगाण स्वारांनी हजारोंनी कापली. ती लढवय्ये नव्हती, बाजारबुणगे होते, विळा आणि दोरी घेऊन निघालेले. १४ जानेवारी १७६१ ला जे घोडे रणात उतरले ते कित्येक आठवडे अर्धपोटी होते. पानिपतावर दर वर्षी वाद होतात: भाऊ चुकले की होळकर चुकले, गोलाची लढाई की गनिमी कावा. घोड्यांच्या खपाटीला गेलेल्या पोटाबद्दल वाद घालायला फारसं कुणी येत नाही.

तर विळे कुणाच्या हातात?

मराठा काळातल्या महसुलात रोख सारा आणि धान्य यांच्याबरोबर गावांवर गवत-कडब्यासारख्या पट्ट्या असत. आणि वेठ असे, म्हणजे पैसे न देता करून घेतलेलं काम. गडाच्या आसपासच्या गावांनी गडावर गवत आणि सरपण पोचवायचं. गावात हे काम फिरत फिरत ज्यांच्या डोक्यावर येऊन थांबायचं ते म्हणजे बहुतेक वेळा महार. सरकारी माणूस घोड्यावर बसून गावात आला की त्याच्या घोड्याला वैरण घालणं, घोडा धरणं, लाकूडफाटा देणं, हे त्यांच्या 'वतना'चं काम मानलं जाई. वतन हा शब्द ऐकायला छान आहे. वेळ-काळ न बघता बोलावलं की जायचं, मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि घरोघरचं बलुतं. शिवाजी महाराजांचं पत्र लुटीपासून कुणब्याला वाचवतं, आणि ते मोठंच आहे. पण रीतसर, हक्काने कापून घेतलेलं गवतसुद्धा कुणाच्या तरी कष्टावरच येत होतं, आणि त्या हातांची नावं कुठल्याही बखरीत नाहीत.

इंग्रजांच्या काळात हे बदललं का? पद्धत बदलली. त्यांच्या हिंदुस्थानी रिसाल्यांपैकी बरेच 'सिल्लेदार' पद्धतीचे होते. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला शिलेदारच तो. स्वाराने घोडा, सरंजाम स्वतःचा आणायचा. आणि साधारण दोन घोड्यांमागे एक तट्टू आणि एक गवत कापणारा माणूस ठेवायचा. हा माणूस रोज पहाटे खुरपं घेऊन निघायचा, मैलोन् मैल फिरून हरळीसारखं गवत मुळासकट खुरपून, माती झटकून, भारा बांधून तट्टूवर लादून आणायचा. इंग्रज साहेबाच्या घरीही घोड्यामागे मोतद्दार आणि वर हा वेगळा. इंग्रजीत त्याला 'ग्रास-कटर' म्हणत, आणि हॉब्सन-जॉब्सन या जुन्या कोशाने तर असा अंदाज केलाय की हा मुळात 'घासकाटा' किंवा 'घासखोदा' अशा देशी शब्दाचाच अपभ्रंश. त्याच नोंदीत असंही आहे की दक्षिणेत हे काम मोतद्दाराची बायको करायची. म्हणजे घोडा साहेबाचा, पगार नवऱ्याचा आणि गवत बाईने कापायचं.

पुढे लष्कराने स्वतःचे फार्म काढले. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला. दूध आणि गाठी बांधलेलं वाळकं गवत, दोन्ही तिथून. पिंपरीचा मिलिटरी फार्म पुणेकरांना माहीत असेल. हे सगळे फार्म २०२१ मध्ये बंद झाले. सिल्लेदार पद्धत पहिल्या महायुद्धानंतर गेली, रिसाल्यांचे रणगाडे झाले. घोडा गेला तशी गवताची गरजही गेली. गावातली वेठ मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दल बिल मांडलं. त्यात यश आलं नाही. कनिष्ठ ग्राम वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. पानिपत होऊन १९७ वर्षं, राज्य बदलून १४० वर्षं, देश स्वतंत्र होऊन ११ वर्षं.

आणि राखलेल्या कुरणांचं काय झालं? काही वनखात्याकडे गेली, काही गायरानं झाली, काहींवर वस्ती आली. बरीच कागदोपत्री 'पडीक' ठरली, कारण गवताला महसुलाच्या रकान्यात किंमत नव्हती. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात कधी गेलात तर चिंकारा बघायला जाल. पायाखालचं गवतही बघा.

एका श्रोत्याने विचारलं होतं की त्याच्या मामाने गावी शर्यतीसाठी घोडा घेतलाय आणि शेजारच्या बंगल्यातलं कापलेलं लॉन फुकट मिळतंय, घालू का. तर दादा, नको. उन्हात पातळ पसरून दोन-तीन दिवस पूर्ण वाळव, आणि लॉनवर औषध मारलं असेल तर तेही नको. सरळ कडबा आण, मारवेल मिळाली तर उत्तम. चारा बदलायचा झाला तर आठवडाभरात हळूहळू बदल. आणि घोडा जिथे लीद टाकतो तिथलं गवत तो खात नाही, त्यामुळे कोपऱ्यात गवत माजेल आणि मधे जमीन उघडी पडेल. लीद रोज उचल, जागा दोन भागांत वाटून आलटून-पालटून सोड. जमल्यास मागून गाय सोड, घोड्याने सोडलेलं ती खाते.

पुढच्या भागात नालबंद. २५ घोड्यांमागे एक, म्हणजे शंभर खूर आणि एक माणूस. तोपर्यंत, तुमच्या गावाजवळ 'कुरण' नावाची जागा असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. तिथे आज काय आहे तेही सांगा.